लिंगाची ताठरता ४ तासांनंतरही उतरत नसेल, तर या चुका टाळा

लैंगिक इच्छा नसताना आलेली, किंवा संबंध आटोपल्यानंतरही न ओसरलेली लिंगाची ताठरता ४ तासांपेक्षा अधिक काळ टिकली, तर वैद्यकशास्त्रात त्या अवस्थेला प्रायापिझम म्हणतात. या आजारात पुरुषाचे कायमचे नुकसान होते ते पुष्कळदा उशिरामुळे, आणि उशीर होतो तो लाजेमुळे, चुकीच्या सल्ल्यामुळे किंवा चुकीच्या दवाखान्याची पायरी चढल्यामुळे. विदर्भ, मेळघाट, नंदुरबार, पालघर या सिकलसेलच्या (तांबड्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याच्या आनुवंशिक आजाराच्या) पट्ट्यात तर हा प्रश्न शाळकरी मुलांचाही आहे, म्हणून त्याविषयी आडपडदा न ठेवता लिहिणे आवश्यक वाटते.

चुका समजून घेण्यापूर्वी आत नेमके काय बिघडते ते पाहू. लिंगामध्ये शेजारी शेजारी दोन स्पंजासारखे स्तंभ असतात. उत्तेजनेच्या वेळी त्यांच्यात धमन्यांतून रक्त भरते आणि रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा दाबल्या जातात. उत्तेजना ओसरली की आतले स्नायू आकसतात, शिरा मोकळ्या होतात आणि रक्त परत जाते. प्रायापिझमच्या सुमारे ९५ टक्के रुग्णांमध्ये रक्ताची ही परतीची वाट उघडतच नाही. कोंडलेल्या रक्तातला प्राणवायू संपत जातो, आम्लता वाढते आणि स्तंभांमधले स्नायू गुदमरू लागतात. १२ तासांच्या सुमारास आत सूज धरते, २४ तासांनंतर रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा होऊन गुठळ्या होऊ लागतात, आणि ४८ तासांपर्यंत स्नायू मृत होऊन त्यांच्या जागी व्रणासारखे कठीण तंतू तयार होण्याची प्रक्रिया सुरू झालेली असते. एकदा हे तंतू भरले की नैसर्गिक ताठरता परत येत नाही. कोणत्याही गोळीने येत नाही.

‘सकाळपर्यंत उतरेल’ म्हणून थांबणे

सर्वांत अधिक नुकसान करणारी चूक हीच. पुष्कळ पुरुषांना पहिल्या तासा-दोन तासांत ही आजाराची खूण वाटतच नाही. काहींना ती आपल्या पौरुषाची खूण वाटते आणि वेदना सुरू झाल्यावर मात्र कोणाला सांगण्याची सोय उरत नाही. मग दुखणे अंगावर काढले जाते.

वेळेचा हिशेब कसा चुकतो ते एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. समजा, एखाद्या तरुणाला रात्री २ वाजता वेदनेने जाग आली. तो सकाळी ७ वाजेपर्यंत कोणाला काही बोलला नाही, ९ वाजता प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचला, तेथून त्याला पुढे पाठवले आणि दुपारी १ वाजता तो जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात आला. तो सांगतो, ‘सकाळपासून दुखतंय’, आणि केसपेपरवर तेवढेच लिहिले जाते. प्रत्यक्षात ११ तास होऊन गेलेले असतात. घड्याळ सुरू होते ते ताठरता आली त्या क्षणी. वेदना असह्य झाल्यापासून नव्हे आणि रुग्णालयात पोहोचल्यापासून तर नव्हेच. म्हणून रुग्णाने व नातेवाइकांनी सुरुवातीची वेळ आठवून कागदावर लिहावी आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगावी.

याच चुकीचा एक फसवा भाग आहे. दीड-दोन दिवसांनी वेदना कमी होऊ लागतात आणि रुग्णाला वाटते की आता आपोआप बरे वाटू लागले. ताठरता तशीच असेल, तर वेदना कमी होणे ही सुधारणा नव्हे. ऊतक मृत होऊ लागल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी घरी थांबण्याचे कोणतेही कारण नाही.

घरगुती उपायांत वेळ दवडणे

आजूबाजूचे सल्ले साधारण ठरलेले असतात: बर्फ लावा, गरम पाण्याचा शेक द्या, पुन्हा संबंध ठेवा किंवा हस्तमैथुन करा, झोपेची गोळी घ्या, थोडी दारू घेऊन पडून राहा. रक्त आतच कोंडलेले असल्यामुळे वीर्यपतनाने ही ताठरता उतरत नाही. उलट, घर्षणाने सूज व इजा वाढते. दारूने शरीरातले पाणी कमी होते, आणि झोपेच्या गोळीने मौल्यवान तास झोपेत जातात. लिंगाला दोरी, रबर किंवा पट्टी घट्ट बांधणे तर धोक्याचेच, कारण त्यामुळे उरलासुरला रक्तप्रवाहही थांबतो.

बर्फाविषयी वेगळे सांगायला हवे. सिकलसेलच्या रुग्णात थंडीमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन अडकण्याचा धोका वाढतो. त्यामुळे सिकलसेल असलेल्या मुलाला बर्फ लावणे म्हणजे ज्या कारणाने आजार झाला त्याच कारणाला बळ देणे. घरी करण्यासारखे जे आहे ते साधे आहे आणि रुग्णालयात जाण्याची तयारी सुरू असतानाच करण्यासारखे आहे: लघवी करावी, पाणी भरपूर प्यावे, थोडे चालावे, नेहमीची वेदनाशामक गोळी घ्यावी. त्याने उतरले तर उत्तमच. न उतरल्यास दुसरा प्रयोग करू नये.

सिकलसेल असलेल्या मुलाला काहीच न सांगणे

या विषयातली ही सर्वांत खंत वाटावी अशी चूक आहे, कारण ती टाळायला औषध लागत नाही, पैसा लागत नाही, फक्त मोठ्यांनी दोन वाक्ये बोलावी लागतात.

सिकलसेल आजारात प्रायापिझम ही अपवादात्मक गोष्ट नाही. मुलांमध्ये ते लहान वयातही होऊ शकते, पण किशोरवयापासून त्याचे प्रमाण वाढते. अनेकदा आधी छोटे झटके येतात: पहाटे जाग येते, लिंग ताठ व दुखरे असते, तास-दीड तासाने आपोआप उतरते आणि काही दिवसांनी पुन्हा तेच होते. हे अडखळत येणारे झटके पुढच्या मोठ्या झटक्याची पूर्वसूचना असू शकतात. पाणी कमी पिणे, ताप, थकवा, लघवी तुंबवून ठेवणे आणि दारू ही त्यांना निमित्त ठरणारी नेहमीची कारणे आहेत.

आता आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहणाऱ्या १४ वर्षांच्या मुलाचा विचार करावा. हात-पाय दुखले की सांगायचे, ताप आला की सांगायचे, डोळे पिवळे झाले की सांगायचे, हे त्याला माहीत असते, कारण आरोग्यसेविकेने ते सांगितलेले असते. पहाटे जे होते त्याविषयी मात्र त्याला कोणीही, कधीही काही सांगितलेले नसते. आपल्या हातून काही वाईट घडले, आपल्याला काहीतरी घाणेरडा रोग झाला, असे त्याला वाटते. पांघरूण ओढून तो पडून राहतो. शेजारच्या मुलांनी पाहिले तर चेष्टा होईल आणि अधीक्षकांना सांगितले तर ओरडा बसेल, या भीतीने तो तोंड उघडत नाही. पुढे लग्नानंतर जेव्हा ताठरता येत नाही, तेव्हा त्याचे मूळ त्या पहाटेमध्ये असते हे ना त्याला कळते, ना घरच्यांना.

म्हणून मुलगा १०-११ वर्षांचा झाला की वडिलांनी, मामांनी किंवा ज्याच्याशी तो मोकळेपणाने बोलतो अशा घरातल्या मोठ्या माणसाने त्याला सांगावे: ‘तुझ्या आजारात कधीकधी लघवीची जागा ताठ होऊन दुखते. त्यात तुझी काही चूक नाही. झालं की उठून लघवी कर, पाणी पी आणि लगेच आम्हाला किंवा सरांना सांग, कितीही रात्र असली तरी.’ वडील बाहेरगावी मजुरीला असतील, तर आईने सांगण्यातही काही वावगे नाही. अधीक्षकांनाही शाळेत प्रवेश घेतानाच याची कल्पना द्यावी आणि मुलाच्या सिकलसेल कार्डाची प्रत त्यांच्याजवळ ठेवावी.

सिकलसेलच्या रुग्णाने ४ तास पूर्ण होण्याची वाट पाहू नये. २ तासांत उतरले नाही तर घर सोडावे. भामरागडहून गडचिरोलीचे अंतर १५० किलोमीटरहून अधिक आहे. अशा ठिकाणी ४ तास थांबून निघालेला रुग्ण पोहोचेपर्यंत उपचाराचा सर्वांत चांगला काळ सरलेला असतो. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेला फोन करताना सिकलसेल आहे हे आधी सांगावे, आणि आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी पुढच्या रुग्णालयाला फोन करून मूत्ररोगतज्ज्ञ किंवा निदान सर्जन उपलब्ध आहे की नाही याची खात्री करूनच रुग्णाला पाठवावे. जेथे हा उपचार होत नाही अशा ठिकाणी रुग्णाला पाठवणे म्हणजे आणखी ३-४ तास गमावणे होय.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सुरू झाले आणि त्यामुळे रक्ततपासणीला गती मिळाली, हे चांगलेच झाले. पण तपासणी झाली, कार्ड मिळाले, हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलवरचे औषध सुरू झाले आणि तरी या एका त्रासाचा उच्चारच झाला नाही, तर समुपदेशन अपुरे राहिले असे म्हणावे लागेल.

घेतलेली औषधे लपवणे

प्रौढ पुरुषांमध्ये औषधे हे मोठे कारण आहे, आणि डॉक्टरांपासून हमखास लपवले जाते तेही हेच. लिंगात थेट दिली जाणारी पॅपाव्हेरिन, फेंटोलामिन किंवा अल्प्रोस्टॅडिल यांची इंजेक्शने या यादीत सर्वांत वर येतात. ताठरतेची तक्रार घेऊन आलेल्या पुरुषाला ‘टेस्ट डोस’ म्हणून असे इंजेक्शन द्यायचे, परिणाम दिसला की पैसे घ्यायचे आणि त्याला घरी पाठवायचे, असा प्रकार काही दवाखान्यांत चालतो. असे इंजेक्शन दिल्यानंतर ताठरता उतरेपर्यंत रुग्णाला थांबवून घेणे, किंवा न उतरल्यास किती तासांनी आणि कोठे यायचे हे लेखी देणे, ही देणाऱ्याची जबाबदारी आहे. ज्याच्याकडे उतारा देण्याची सोय नाही, त्याने ते इंजेक्शन देऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ताठरतेसाठी घेतल्या जाणाऱ्या सिल्डेनाफिलसारख्या गोळ्या सांगितलेल्या मात्रेत घेतल्यास एरवी निरोगी असलेल्या पुरुषात प्रायापिझम क्वचितच होते. धोका वाढतो तो मात्रा मनाने वाढवल्यास, इंजेक्शनाच्या जोडीला गोळी घेतल्यास किंवा सिकलसेलसारखा आजार असल्यास. ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ असे लिहिलेल्या काही ताकदीच्या पुड्यांमध्येही हेच रसायन मिसळलेले आढळते. त्यामुळे पुडी घेतली असल्यास तिचे वेष्टण डॉक्टरांना दाखवावे.

मनोविकारांवरची काही औषधेही याला कारणीभूत ठरतात: ट्रॅझोडोन, क्लोरप्रोमाझिन, रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्वेटियापिन. रक्तदाब किंवा प्रोस्टेटसाठी दिली जाणारी प्राझोसिन, टॅम्सुलोसिन ही औषधे आणि कोकेनसारखी नशा यांचीही नोंद आहे. येथे चूक दोन्ही बाजूंनी होते. एक रुग्ण लाजेने काही बोलत नाही आणि गोळी चालूच ठेवतो. दुसरा घाबरून सर्व गोळ्या एकदम बंद करतो आणि त्याचा मूळ आजार उसळतो. योग्य मार्ग असा की तातडीचा उपचार आधी घ्यावा आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांशी बोलून औषध बदलून घ्यावे. ताठरता नेहमीपेक्षा लांबते आहे असे एकदाही जाणवले, तर ते पुढच्या भेटीपर्यंत न थांबता कळवावे.

रुग्णालयात होणाऱ्या चुका

रुग्ण वेळेवर पोहोचला तरी सगळे सुरळीत होतेच असे नाही. सलाईन लावणे, वेदनाशामक देणे आणि ‘बघू, उतरते का’ म्हणून वॉर्डात ठेवणे, ही येथली नेहमीची चूक. सिकलसेलच्या रुग्णात तर सगळे लक्ष सलाईन, प्राणवायू आणि रक्त चढवण्याकडे जाते. या गोष्टी आवश्यक आहेत, पण लिंगातील कोंडलेले रक्त काढण्याचा तो पर्याय नव्हे. दोन्ही उपचार एकाच वेळी चालले पाहिजेत. रक्त बदलण्याच्या मोठ्या प्रक्रियेची वाट पाहत मूळ काम लांबणीवर टाकणे चुकीचे आहे.

प्रत्यक्ष उपचार ऐकायला भीतीदायक वाटतो, पण लिंगाच्या मुळाशी भूल दिल्यानंतर तो सुसह्य होतो. बाजूने जाड सुई स्तंभात घालून रक्त ओढले जाते. पहिल्यांदा येणारे रक्त दाट आणि काळपट असते. त्याचा नमुना तपासल्यास प्राणवायूचा दाब ३० मिलिमीटरच्या खाली, कार्बन डायऑक्साइडचा ६० च्या वर आणि पीएच ७.२५ च्या खाली आढळतो. रक्त काढून, गरजेनुसार सलाईनने धुऊन, फेनिलेफ्रिन हे रक्तवाहिन्या आकसवणारे औषध दर ३ ते ५ मिनिटांनी थोडे थोडे दिले जाते. पुढे येणारे रक्त तांबडेलाल होऊ लागले आणि लिंग मऊ पडले की वाट उघडली असे समजते. फेनिलेफ्रिनच्या काही ॲम्प्यूलमध्ये १ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध असते, तर येथे १ मिलिलिटरमध्ये १०० ते ५०० मायक्रोग्रॅम एवढेच हवे असते. म्हणजे ते २० ते १०० पट पातळ करावे लागते, आणि रक्तदाब व नाडी सतत मोजावी लागते. घाईत हा हिशेब चुकला तर रक्तदाब एकदम चढतो, म्हणून औषध भरणाऱ्याने व देणाऱ्याने तो मोठ्याने म्हणून एकमेकांकडून तपासून घ्यावा.

तासभर प्रयत्न करूनही यश न आल्यास शस्त्रक्रियेने रक्ताला दुसरी वाट करून द्यावी लागते. बहुधा ती लिंगाच्या टोकातून काढली जाते. ‘ऑपरेशनमुळे मुलगा नपुंसक होईल’ या भीतीने नातेवाईक संमती देत नाहीत आणि आणखी एक रात्र जाते. नपुंसकत्वाचे मोठे कारण तोवर कोंडून राहिलेले रक्त असते, ही गोष्ट डॉक्टरांनी शस्त्रक्रियेपूर्वी शांतपणे समजावून सांगावी आणि तसे लिहूनही ठेवावे.

आणखी एक तपासणी राहून जाऊ नये, ती म्हणजे साधी रक्तपेशींची मोजणी. कारण न सापडलेल्या प्रायापिझमच्या मागे कधीकधी रक्ताचा कर्करोग असतो आणि पांढऱ्या पेशींची प्रचंड वाढ हाच त्याचा पहिला पुरावा ठरतो. त्याचप्रमाणे ज्याचे सिकलसेल कधी तपासलेच गेले नाही, अशा तरुणाची ती तपासणी याच वेळी करावी.

सर्वच ताठरता एका मापाने मोजणे

सायकलच्या दांड्यावर, कुंपणावर किंवा झाडाच्या फांदीवर मांड्यांच्या मधोमध आपटल्यामुळे आतली धमनी फुटून स्तंभात रक्त वाहत राहते. या प्रकारात लिंग अर्धवट ताठ असते, वेदना फारशी नसते आणि कोंडलेल्या प्रकारासारखा प्राणवायूचा तुटवडाही नसतो. येथे सुई टोचून रक्त काढत बसणे व्यर्थ आहे. डॉप्लर सोनोग्राफीने निदान करून बहुधा वाट पाहता येते आणि गरज पडल्यास ती धमनी आतून बंद करता येते. अपघातानंतर बेशुद्ध पुरुषात ताठरता दिसली, तर मणक्याला व मज्जारज्जूला इजा झाली असण्याचा संशय घ्यावा आणि मान न हलवता त्याला उचलावे.

कोकणात विंचवाच्या दंशाविषयी हे विशेष लक्षात ठेवावे लागते. लाल विंचू चावलेल्या लहान मुलात उलट्या, दरदरून घाम, थंडगार हातपाय आणि लिंगाची ताठरता ही विष शरीरभर भिनल्याची चिन्हे आहेत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८२ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये ही पूर्वलक्षणे जगासमोर मांडली. अशा मुलाच्या लिंगावर उपचार करण्यात वेळ घालवणे घातक ठरते, कारण धोका हृदयाला आणि फुप्फुसांत पाणी होण्याचा असतो. त्याला प्राझोसिन व विंचवाचे प्रतिविष मिळेल अशा दवाखान्यात पोहोचवावे. विषाचा जोर ओसरला की ताठरताही ओसरते. एरवी क्वचित प्रायापिझम घडवणारे प्राझोसिन येथे जीव वाचवते, म्हणून यादीत नाव वाचून ते नाकारू नये.

उतरले म्हणजे संपले असे मानणे

यशस्वी उपचारानंतरही काही दिवस सूज राहते आणि लिंग पूर्ण मऊ वाटत नाही. त्याने घाबरण्याचे कारण नसते, पण पुन्हा कडकपणा व वेदना वाढल्यास त्याच दिवशी दाखवावे. झटके पुन्हा पुन्हा येणाऱ्या सिकलसेलच्या रुग्णात हायड्रॉक्सियुरिया नियमित आहे का हे पाहावे लागते, आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली झोपण्यापूर्वीची काही औषधे देता येतात. वाढीच्या वयातील मुलांना हार्मोन दाबणारी औषधे मात्र परस्पर सुरू करू नयेत, कारण त्यांचा परिणाम उंचीवर आणि वयात येण्यावर होतो.

ज्या रुग्णाची ताठरता ३६ तासांहून अधिक टिकली होती, त्याला नैसर्गिक ताठरता परत येण्याची शक्यता कमी आहे हे त्याला व, तो विवाहित असल्यास, त्याच्या संमतीने पत्नीलाही खरे सांगावे. खोटी आशा देऊन वर्षभर गोळ्यांवर ठेवल्याने आतले तंतू घट्ट होतात, लिंगाची लांबी कमी होते आणि पुढे कृत्रिम रोपण करणे अवघड होऊन बसते. असे रोपण करायचेच असेल, तर ते पहिल्या काही आठवड्यांत करणे सोपे जाते; म्हणून हा विषय रुग्णालयातून घरी सोडण्यापूर्वीच मूत्ररोगतज्ज्ञांशी बोलून घ्यावा.